हायड्रोजनच्या हिशेबातील तफावत

दुकान वाढवताना रोजमेळ आणि गल्ल्यातील रोकड यांत तफावत निघाली, तर पहिला संशय कोणावर घ्यावा? लिहिणाऱ्यावर की मोजणाऱ्यावर? १९६० च्या दशकात हाच प्रश्न शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला, आणि तोही जगातील सर्वांत साध्या रेणूविषयी. वनस्पती तूप तयार करताना तेलात जो वायू सोडतात, त्या हायड्रोजनचा हा रेणू. अवघ्या दोन अणूंचा.

हे दोन अणू दूर असताना एकमेकांची दखलही घेत नाहीत. जवळ येऊ लागले की त्यांची एकत्रित ऊर्जा उतरत जाते आणि अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम झाले, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे एक कोटी पस्तीस लाखाव्या भागाइतके उरले, की ती सर्वांत कमी होते. त्याहून जवळ आणू गेल्यास ती झपाट्याने चढते. अंतर आडवे आणि ऊर्जा उभी मांडून रेघ काढली, तर विहिरीसारखी आकृती मिळते. तिची एक भिंत उभी कड्यासारखी, दुसरी हळूहळू चढत जाऊन सपाट होणारी. या आकृतीस स्थितिज ऊर्जेचा वक्र म्हणतात. अशी विहीर मुळात का निर्माण होते, हे हाइटलर आणि लंडन यांनी १९२७ मध्ये पुंजयांत्रिकीच्या आधारे दाखविले.

या विहिरीत अणू स्वस्थ बसत नाहीत. ते सतत जवळ-दूर होत स्पंदन पावतात. मात्र हे स्पंदन वाटेल त्या ऊर्जेचे असू शकत नाही. जणू आत पायऱ्या खोदलेल्या आहेत आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये पाऊल ठेवण्यास जागा नाही. सर्वांत खालची पायरीसुद्धा तळाला टेकलेली नसते, म्हणून अतिथंड रेणूही थरथरतच राहतो. पायऱ्यांतील अंतर तरंगसंख्येत, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये प्रकाशाच्या किती लहरी मावतात त्या संख्येत, मोजतात. हायड्रोजनमध्ये पहिल्या ते दुसऱ्या पायरीचे अंतर ४१६१, पुढचे ३९२६, त्यापुढचे ३६९५. वर जावे तसतशा पायऱ्या दाटत जातात. एकूण पंधरा झाल्या की काठ येतो आणि रेणू तुटतो. फिलिप मॉर्स यांनी १९२९ मध्ये अशा वक्रासाठी केवळ तीन संख्यांवर चालणारे सुटसुटीत सूत्र दिले. ते अद्याप वापरात आहे. काठाजवळ मात्र ते ढोबळ ठरते.

तंटा होता तो याच काठाविषयी. पहिल्या पायरीपासून काठ किती उंच, म्हणजेच रेणू तोडण्यास किती ऊर्जा लागते? ओटावा येथील गेऱहार्ड हर्झबर्ग हे रेणूंच्या वर्णपटांचे त्या काळचे अग्रगण्य जाणकार. पत्नी ज्यू असल्यामुळे १९३५ मध्ये त्यांना जर्मनी सोडून कॅनडात यावे लागले होते. १९६० मध्ये मॉनफिस यांच्यासह त्यांनी अतिनील प्रकाशाच्या साहाय्याने मोजलेला आकडा होता ३६११३.६. पुढे व्लोजिमिएश कोवोस आणि लुतोस्वाव वोलनिएविच या पोलिश शास्त्रज्ञांनी संगणकावर गणित मांडले. १९६८ मध्ये त्यांचे उत्तर आले ३६११७.४.

फरक दहा हजार रुपयांत एक रुपयाएवढा! व्यवहारात आपण तो सोडूनही देऊ. पण त्यांच्या पद्धतीचा एक गुण असा, की त्यात उणीव राहिली तर बंध प्रत्यक्षाहून दुबळा दिसावा, बळकट दिसू नये. येथे तर गणितातील बंध मोजलेल्या बंधाहून बळकट निघत होता. तेव्हा उरलेल्या बारीकसारीक दुरुस्त्यांत काही गफलत होती, अथवा मोजमाप चुकले होते.

हर्झबर्ग यांनी वाद घातला नाही, पुन्हा मोजले. वायू द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानापर्यंत थंड केला, अधिक बारकावे टिपणारे उपकरण वापरले. १९७० मध्ये त्यांनी जाहीर केले, की खरा आकडा ३६११६.३ आणि ३६११८.३ यांच्या दरम्यान आहे. गणित बरोबर होते. पुढच्याच वर्षी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अर्थात त्यांच्या आयुष्यभराच्या कार्यासाठी.

२००९ मध्ये झ्युरिक आणि अॅमस्टरडॅम येथील संशोधकांनी लेझरच्या साहाय्याने हीच उंची मोजली: ३६११८.०६९६. त्याच वर्षी नव्याने मांडलेल्या गणिताचे उत्तर होते ३६११८.०६९५.