पोटात गोळा

गेल्या सप्टेंबरातला एक शनिवार-रविवार मी आणि माझी अठरा वर्षांची भाची, अशा दोघींनीच मिळून घालवला. शनिवारी रात्री 'दशावतार' पाहिला, रविवारी खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कात गेलो आणि परतताना जुन्या हायवेवर मिसळ खाल्ली. घरी आल्यावर बूट काढता काढता तिने विचारलं, "मावशी, दोन दिवस आपण पैसे मोजून घाबरलो, रडलो आणि जीभ पोळून घेतली. मग इतकं छान का वाटतंय गं?" हा प्रश्न माझ्या मनातून गेलाच नाही.

सिनेमापासून सांगते. सुबोध खानोलकर दिग्दर्शित 'दशावतार' १२ सप्टेंबर २०२५ ला प्रदर्शित झाला. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री या कोकणातल्या दशावतारी कलावंताच्या भूमिकेत आहेत. बाबुलीची नजर अधू होत चालली आहे. आता बाबांनी रंगमंच सोडावा, असं मुलाला वाटतं. उत्तरार्धातलं सूडनाट्य मला जरा लांबल्यासारखं वाटलं, पण बाप-लेकातले साधे प्रसंग पाहताना थिएटरभर हुंदके ऐकू येत होते. दशावतार या लोकनाट्यात लिहिलेली संहिता नसते. जत्रेच्या रात्री कथानक ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या रंगमंचावरच जन्माला येतात. समोरच्याने टाकलेलं वाक्य आपला जोडीदार झेलणार, या भरवशावर तो खेळ पहाटेपर्यंत चालतो. प्रभावळकरांच्या चेहऱ्यावर मला तो भरवसा दिसला.

रविवारी सकाळी पाऊस उघडला आणि आम्ही 'नायट्रो'च्या रांगेत उभ्या राहिलो. या रोलर कोस्टरच्या डब्यांना तळ नाही. निघण्याआधी पायाखालची फळी सरकते आणि पाय अधांतरी लोंबकळू लागतात. मग साखळी गाडीला सुमारे ४० मीटर उंचीवर ओढत नेते. चढताना येणारा खटखट आवाज म्हणजे गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खिट्टीचा. तो आवाज भीती वाढवतो खरा, पण ती खिट्टी आपल्याच रक्षणासाठी असते. माथ्यावर साखळी सुटते आणि त्यानंतर गाडीला ओढणारं काहीही उरत नाही. चढणीत साठवलेली उंची उतारावर वेगात बदलते, बस्स. वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो.

आपण ज्याला 'पोटात गोळा आला' म्हणतो, ते इथे अक्षरशः घडतं. एरवी खुर्ची आपल्याला खालून तोलून धरते आणि पोटातले अवयवही एकमेकांच्या आधाराने बसलेले असतात. उतारावर खुर्ची आपल्याबरोबरच खाली पडू लागते, तो आधार सुटतो आणि आतडी-जठर किंचित तरंगतात. गोळा म्हणजे हेच. गाडी उलटी फिरते ती वळणंही नीट पाहिली तर पूर्ण गोल नसतात, थेंबासारखी निमुळती असतात. तळाशी वेग सर्वात जास्त असतो, तिथे वळण पसरट ठेवलं नाही तर मानेवर असह्य दाब येईल. आपण किंचाळायचं, पण आपली मान दुखायची नाही, याचा हिशेब कुणीतरी कागदावर आधीच मांडलेला असतो.

परतीच्या मिसळीवर तर्रीचा जाड थर होता. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून सगळा झणका वरच्या तर्रीत जमतो. जिभेवरचा जो संवेदक चटका ओळखतो, त्यालाच हे द्रव्य चिकटतं आणि जीभ पोळल्याचा निरोप मेंदूला जातो. प्रत्यक्षात काहीच भाजलेलं नसतं. हा संवेदक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. भाची पाण्यावर पाणी पीत होती आणि आग विझत नव्हती. वाढणाऱ्या काकांनी न मागता दह्याची वाटी आणून ठेवली. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून सोडवून नेतं. काकांना हे नाव ठाऊक असेल-नसेल, उपाय मात्र चोख ठाऊक होता.

मिरची खाणाऱ्यांचा अभ्यास करताना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी त्रासातच मजा घेण्याच्या या ओढीला 'निरुपद्रवी आत्मपीडा' अशा अर्थाचं नाव दिलं. शरीर म्हणतं, धोका आहे. मन म्हणतं, काही नाही रे, बस निवांत. या दोघांच्या मधल्या जागेत मजा असते. रडवणारा सिनेमा, उंचावरून कोसळणं आणि तिखट रस्सा ही एकाच कुळातली भावंडं आहेत.

मला यात एकच भर घालावीशी वाटते. मनाला ते 'काही नाही' म्हणण्याचं बळ येतं कुठून? माझ्या मते, ते येतं दुसऱ्या माणसाच्या चोख कामातून. वळणाचा हिशेब मांडणारा, रोज सकाळी रूळ तपासणारा, वाक्य झेलणारा जोडीदार, दह्याची वाटी आणणारे काका. यातला एक जरी ढिला पडला तर उरते ती निव्वळ भीती. म्हणून भाचीला मी सांगितलं, आपण घाबरायला गेलोच नव्हतो. दोन दिवस अनोळखी माणसांच्या हाती स्वतःला सोपवून आलो आणि त्यांनी आपल्याला सुखरूप परत केलं. छान वाटतंय ते त्याचं.

ती लगेच म्हणाली, "तो निळ्या टोपीतला मुलगा!" मलाही तोच आठवला. सकाळपासून शेकडो खांद्यांवरचे बार त्याने ओढून पाहिले असतील, तरी आमचा त्याने दोनदा ओढून पाहिला. दुसऱ्या फेरीला भाचीने तिचा बार स्वतःच घट्ट लावला होता. पण तो जवळ येऊन हात लावेपर्यंत ती त्याच्याकडेच बघत राहिली होती.