चोरी, घरफोडी की दरोडा?

गुन्हेदर: दर १ लाख लोकसंख्येमागे वर्षभरात नोंदलेले गुन्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग (स्थापना १९८६) राज्यांबरोबर मुंबई, पुणे, नागपूरसारख्या महानगरांचा दर देतो. गल्लीचा किंवा सोसायटीचा वेगळा दर त्यात शोधू नये.

एका एफआयआरमध्ये कलमे अनेक असली, तरी मोजणीत सर्वांत गंभीर गुन्हाच धरतात. घरफोडीत खून झाला, तर नोंद खुनाच्या रकान्यात.

भारतीय न्याय संहिता (१ जुलै २०२४ पासून)

• पार्किंगमधली दुचाकी गेली: चोरी, कलम ३०३.

• मंगळसूत्र हिसकावले: कलम ३०४. हे स्वतंत्र कलम नवे.

• कडीकोयंडा तोडून शिरले: घरफोडी, कलम ३३१. सूर्यास्तानंतर, सूर्योदयापूर्वी शिक्षा जास्त.

• पाच किंवा अधिक जणांनी मिळून लुटले: दरोडा, कलम ३१०. बातम्यांत मात्र तिघांचाही ‘दरोडा’ होतो.

तातडीची मदत: ११२.