परवाची गाडी आणि एआय एजंटची चूक

समजा, मडगावच्या एका कुटुंबाला लग्नकार्यासाठी ग्वाल्हेरला जायचे आहे. कार्यघर लष्कर भागात, महाराज वाड्याजवळच्या टोपी बाजारात आहे. घरातील मुलगी मोबाइलवरील एआय एजंटला विचारते, ‘परवा मडगावहून ग्वाल्हेरला कोणती गाडी आहे?’ प्रश्न साधा आहे. मात्र उत्तर चुकले तर मुहूर्त टळतो.

एजंटला वेळापत्रक पाठ नसते. त्यासाठी तो एखादे ‘टूल’, म्हणजे माहिती आणून देणारे साधन वापरतो. साधनाच्या आत काय आहे हे त्याला दिसत नाही. साधनाचे नाव, त्याला पुरवायची माहिती आणि विकसकाने लिहिलेले चार ओळींचे वर्णन, एवढ्यावरच त्याची सारी भिस्त असते. ते वर्णन ‘गाड्यांच्या वेळा देते’ एवढेच असेल, तर उरलेले सर्व एजंट अंदाजाने भरून काढतो.

हा अंदाज कोठे फसतो, ते याच प्रवासात दिसते. गोव्यातून ग्वाल्हेरला थेट जाणाऱ्या दोन परिचित गाड्या आहेत. गोवा एक्स्प्रेस वास्कोहून निघून लोंढा, मिरज, पुणे या मार्गाने जाते. मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस मडगावहून कोकण रेल्वेने रत्नागिरीच्या दिशेने जाते. दरडींचा धोका लक्षात घेऊन कोकण रेल्वे पावसाळ्यात गाड्यांची गती कमी ठेवते आणि वेगळे वेळापत्रक लागू करते. पूर्वी ते साधारणपणे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे; २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे ठरले. म्हणजे वेळा तर बदलतातच, शिवाय बदलाच्या तारखाही दरवर्षी त्याच राहतील असे नाही. लोंढामार्गे जाणाऱ्या गाडीला मात्र हे वेळापत्रक लागू होत नाही. वर्णनात या वेळा कोणत्या कालावधीसाठी आहेत हे नसेल, तर एजंट जुलैतील प्रवाशाला डिसेंबरची वेळ निःशंकपणे सांगेल.

दुसरी अडचण भाषेची. मराठीत ‘परवा’ होऊन गेलेलाही असतो आणि यायचाही. शिवाय आपण ‘ग्वाल्हेर’ म्हणतो, वेळापत्रकात मात्र ‘ग्वालियर’ असते. तिसरी अडचण मध्यरात्रीची. गाडी रात्री बाराच्या आगेमागे येत असेल, तर विचारलेली तारीख गाडी मूळ स्थानकावरून सुटण्याची की प्रवाशाने चढण्याची, हे स्पष्ट असलेच पाहिजे. अन्यथा तिकीट एका दिवसाचे आणि प्रवासी दुसऱ्याच दिवशी फलाटावर, असा प्रसंग ओढवतो.

म्हणून चांगले वर्णन असे असावे: ‘दोन स्थानकांमधील थेट गाड्यांच्या नियोजित वेळा देते. स्थानके अधिकृत संकेताक्षरांत द्यावीत. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावी. ती प्रवाशाने चढण्याची तारीख समजली जाईल. सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार. प्रत्येक उत्तरासोबत वेळापत्रक लागू असल्याचा कालावधी मिळेल. दिलेली तारीख त्या कालावधीबाहेर असल्यास वेळ सांगू नये. गाडीचा विलंब, रद्द झालेल्या फेऱ्या आणि आसनांची उपलब्धता यांची माहिती येथे मिळत नाही.’

यातील शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. साधन काय करते हे बहुतेक विकसक लिहितात. ते काय करत नाही, हे लिहायचे राहून जाते. ती मर्यादा ठाऊक असेल, तरच एजंट ‘गाडी वेळेवर आहे’ असे ठोकून न देता ‘ही नियोजित वेळ आहे, निघण्यापूर्वी खात्री करावी’ असे सांगू शकतो.

वर्णन पारखण्याची एक सोपी कसोटी आहे. रेल्वेची काहीही माहिती नसलेल्या नव्या कर्मचाऱ्याच्या हाती केवळ तेवढाच मजकूर द्यावा. त्याने जे जे प्रश्न परत येऊन विचारले, त्यांची उत्तरे वर्णनात राहिली आहेत असे समजावे. माणूस निदान परत येऊन विचारतो. एजंट बहुधा न विचारताच उत्तर देऊन मोकळा होतो, आणि फलाटावर ताटकळतो तो प्रवासी.