अनुकंपेची वर्दी

सरकारी दप्तरातल्या शब्दांपैकी ‘अनुकंपा’ हा एक चमत्कारिक शब्द आहे. एरवी तो बुद्धाच्या गोष्टीत किंवा एखाद्या संतचरित्रात शोभावा. पण आपल्याला तो भेटतो तो कचेरीच्या बारनिशीत. नोकरीत असताना कर्मचारी वारला, की त्याच्या पत्नीला किंवा मुलाला जी जागा मिळते ती ‘अनुकंपा तत्त्वावर’. संध्या सुरी यांच्या ‘संतोष’ या हिंदी चित्रपटाचा आरंभ याच शब्दापासून होतो. दयेपोटी मिळालेल्या नोकरीत पुढे त्या दयेचे काय होते, हाच आमच्या मते त्या चित्रपटाचा खरा विषय आहे. वरवर पाहता ती एका खुनाच्या तपासाची गोष्ट आहे, आणि तशी ती उत्तम वठलीही आहे. पण तपास हे तिथे निमित्त आहे.

चित्रपट मे २०२४ मध्ये कान येथील महोत्सवात प्रथम दाखवला गेला. पुढे ऑस्करच्या परभाषी विभागासाठी ब्रिटनने आपला चित्रपट म्हणून तो पाठवला. हिंदी बोलणारा, लखनौच्या परिसरात चित्रित झालेला चित्रपट ब्रिटनचा कसा, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर असे, की दिग्दर्शिका ब्रिटनमध्ये वाढलेल्या आहेत. त्यांचे वडील डॉक्टर. ते १९६५ साली भारतातून तिकडे गेले. त्यांनी आप्तांना चित्रफिती पाठवाव्या आणि आप्तांनी उलट पाठवाव्या, अशी पुष्कळ वर्षे चालली, आणि त्या चित्रफितींमधूनच कन्येने २००५ साली ‘आय फॉर इंडिया’ हा अनुबोधपट सिद्ध केला. हे मुद्दाम सांगण्याचे कारण, सुरी या मूळच्या अनुबोधपटकार. ‘संतोष’मध्ये भिंतीचा रंग, टेबलावरची फाईल, दारातल्या चपला यांकडे कॅमेरा ज्या थंडपणे पाहतो ती सवय तिकडची आहे.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे अमानुष कृत्य घडले त्यानंतर स्त्रियांवरील अत्याचारांविषयी अनुबोधपट करण्याचे सुरी यांच्या मनात होते. तो मार्ग त्यांना सापडला नाही. मग त्यावेळच्या निदर्शनांचे एक छायाचित्र त्यांच्या पाहण्यात आले. एका बाजूला संतापलेल्या स्त्रिया, आणि त्यांना अडवायला उभी केलेली एक महिला पोलीस. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हते. ही बाई स्त्री म्हणून पीडितांची, की पोलीस म्हणून सरकारची? या एका प्रश्नातून पुढे दोन तासांचा चित्रपट उभा राहिला.

कथा ‘चिराग प्रदेश’ नावाच्या कल्पित उत्तरी प्रांतात घडते. नायिकेचे नाव संतोष सैनी. आपल्याकडे संतोष म्हटले की पुरुषच डोळ्यांपुढे येतो. उत्तरेत ते बायकांचेही नाव असते. नवरा पोलीस शिपाई, तो दंगलीच्या बंदोबस्तात मारला जातो. सासरचे लोक तिला उभी करायला तयार नाहीत, आणि सरकारी खोली तर सोडावीच लागणार. अशा वेळी कोणीतरी सांगते, की नवऱ्याची नोकरी तुला मिळू शकते. ती घेते. पोलीस व्हावे अशी तिला कधी हौस नव्हती. तिला डोक्यावर छप्पर हवे होते, आणि छपराबरोबर वर्दी आली.

या पद्धतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. अनुकंपेची नेमणूक हा वारसाहक्क नव्हे. उमेशकुमार नागपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली स्पष्ट केले, की कर्ता माणूस गेल्याने कुटुंबावर जे आकस्मिक संकट येते त्यातून ते तगून जावे, एवढाच या सवलतीचा हेतू आहे. हेतू उत्तम. पण शाळेतल्या शिपायाची जागा अनुकंपेने देणे आणि हातात काठी असलेल्या शिपायाची जागा अनुकंपेने देणे यात काही अंतर आहे की नाही? जिचे दुःख अजून ओले आहे, जिला स्वतःला कालपर्यंत कोणी विचारत नव्हते, तिच्या हाती एका दिवसात इतरांना दरडावण्याचा अधिकार येतो. तो अधिकार ती कोणाकडून शिकणार? अर्थात जे आधीपासून तिथे बसले आहेत त्यांच्याकडून.

ठाण्यात एक दलित बाप येतो. मुलगी घरी आलेली नाही. साहेब त्याची थट्टा करतात, तक्रार लिहून घेत नाहीत. वास्तविक दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की ती नोंदवलीच पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये दिलेला आहे. पण दिल्लीचा निर्वाळा आणि ठाण्यातले टेबल यांच्यामध्ये पुष्कळ कोस पडतात. संतोषला हे पाहवत नाही. नंतर त्या मुलीचे प्रेत विहिरीत सापडते. अत्याचार करून तिला मारलेले असते. वस्ती खवळते, वर्तमानपत्रे धावतात, जुना अधिकारी हलवला जातो, आणि तपासावर गीता शर्मा नावाची बाई निरीक्षक म्हणून येते.

इथे चित्रपटाला खरी धार चढते. संतोषचे काम शहाना गोस्वामी यांनी केले आहे आणि गीता शर्माचे सुनीता रजवार यांनी. आमच्या मते ही दुसरी भूमिका चित्रपटाचा कणा आहे. एखाद्या भडक चित्रपटात शर्मा एक तर देवी झाली असती, नाही तर कैदाशीण. इथे ती एक थकलेली, हुशार, खाण्यापिण्याची हौस असलेली, पुरुषांच्या खात्यात पंचवीस जणांना पुरून उरलेली बाई आहे. ती संतोषला शेजारी बसवते, जेवू घालते, कसे बोलावे, कुठे गप्प राहावे हे शिकवते. जिला नवरा गेल्यापासून कोणी मायेने हाक मारलेली नाही, तिला ही थोरली बहीणच वाटावी यात नवल नाही. आणि त्याच मायेच्या हाताला धरून संतोष त्या खोलीपर्यंत जाते, जिथे संशयिताला कोंडलेले आहे.

संशयित म्हणजे सलीम नावाचा एक मुसलमान तरुण. मेलेल्या मुलीशी त्याचे मोबाईलवर बोलणे होत असे. तो पळालेला असतो, आणि त्याला शोधून काढते संतोषच. प्रेक्षक या टप्प्यावर मनातून तिच्या बाजूचा असतो: पोराने पळावे, तिने धरावे, आणि त्या गरीब बापाला न्याय मिळावा. सुरी यांनी आपल्याला इथवर मुद्दाम आणले आहे. मग दार लागते आणि मार सुरू होतो. आधी इतर मारतात. मग शर्मा संतोषच्या हाती सूत्रे देते. आणि ही भली, हळवी बाई एकदा मारू लागली की थांबत नाही. तिच्या हातून तेव्हा काय काय बाहेर पडत असेल? नवऱ्याचे मरण, सासूचे टोमणे, त्या मुलीचे विहिरीतले प्रेत, आणि आजवर गिळलेला प्रत्येक अपमान. तो मुलगा मरतो.

कथेचा शेवट सांगू नये असा रिवाज आहे. पण हे मरण झाकून या चित्रपटाविषयी काही बोलताच येणार नाही. पुढे तिच्या ध्यानात येते, की संशयाचे बोट गावातल्या वजनदार माणसांकडे वळते आहे. आणि शर्माला त्याचे फारसे आश्चर्य नसते. ज्यांना कोणी शिवू इच्छीत नाही ते एक अस्पृश्य, आणि ज्यांना कोणी हात लावू शकत नाही ते दुसरे, या अर्थाचे तिचे बोलणे ऐकताना अंगावर काटा येतो. कारण ते बोलणे एका दुष्ट बाईचे नसते; व्यवहार कळलेल्या बाईचे असते.

पोलीस मारतात का, याचे उत्तर ‘क्रूर असतात म्हणून’ इतके सोपे नाही. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातच होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. मग न चालणारी कबुली मारून घ्यायची कशाला? कारण त्या नियमाला एक खिडकी आहे. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, सुरा म्हणा, कपडे म्हणा, तर तेवढ्यापुरते त्याचे सांगणे पुराव्यात घेता येते. खेड्यातल्या ठाण्याला ठसे, रक्त, फोन यांची नीट तपासणी वेळेवर मिळत नाही. वरून ‘आरोपी हजर करा’ असा तगादा असतो. मग त्या खिडकीतून शिरण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे काठी. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली अटकेचे नियम घालून दिले गेले. डिसेंबर २०२० मध्ये ठाण्याठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश झाला. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता काही दिली नाही. नियमांची वाण आपल्याकडे कधी नव्हती.

मराठी माणसाला हे दृश्य पाहताना दुसरा एक चित्रपट आठवल्यावाचून राहणार नाही. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून, विजय तेंडुलकरांच्या पटकथेने आणि गोविंद निहलानी यांच्या दिग्दर्शनाने १९८३ साली ‘अर्धसत्य’ पडद्यावर आला. त्यातला फौजदार अनंत वेलणकर असाच एका कैद्याला कोठडीत मारून टाकतो. तिथे ते कृत्य पुरुषार्थाच्या जखमेतून येते: बापाचा धाक, वरिष्ठांचा अपमान, गुंडापुढची हतबलता. आमच्या पिढीला तेव्हा वाटले, हे पुरुषांच्या खात्याचे दुखणे आहे, बायका आल्या की हवा बदलेल. ‘संतोष’ नेमके हेच तपासून पाहतो. पुरुषार्थाचा प्रश्न बाजूला केला, दोन्ही खुर्च्यांवर बायका बसवल्या, आणि कोठडीतले दृश्य तेच निघाले.

बायका येण्याची गरज होती, यात मात्र शंका नाही. मार्च १९७२ मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून आरोपी सुटले. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ साली लिहिलेले अनावृत पत्र गाजले आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. रात्रीच्या ठाण्यात एखादी बाई असावी, ही मागणी अशा अनुभवांतून आलेली आहे. १९७३ मध्ये कोळिकोडला केवळ महिलांचे ठाणे निघाले. पोलिसांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात अशी सूचना केंद्राने २००९ मध्ये राज्यांना केली. २०२३ च्या आरंभी हे प्रमाण शेकडा बाराच्या आसपासच होते, आणि त्यांतल्या बहुसंख्य शिपायाच्या पायरीवर. तिथे त्यांच्या वाट्याला काय येते? स्त्री आरोपीची झडती, मोर्चातल्या बायकांना रोखणे, बंदोबस्त. आणि चित्रपटात दिसते त्याप्रमाणे बागेतल्या प्रेमी जोडप्यांना हुसकणे. शर्मासारखी एखादी त्यातून वर चढते, पण चढण्याची शिडी जुनीच असते.

म्हणून ‘बाई पोलीसही अखेर तशीच’ असा निष्कर्ष कोणी काढला तर तो आम्हांस मान्य नाही. संतोषमध्ये एक गोष्ट उरते. आपण काय केले हे तिला विसरता येत नाही, आणि ती वर्दी सोडून त्या गावातून निघून जाते. हे प्रायश्चित्त नव्हे. मेलेला पोरगा काही परत येत नाही, आणि खरे गुन्हेगार जागच्या जागी राहतात. चित्रपट तिला क्षमा करीत नाही, हे त्याचे मोठेपण. शहाना गोस्वामींचा चेहराही शेवटी जवळजवळ तितकाच बंद आहे, जितका त्या छायाचित्रातल्या शिपाई बाईचा असावा.

आता राहिली या चित्रपटाची हकीकत. भारतात तो जानेवारी २०२५ मध्ये लागायचा होता. चित्रणापूर्वी पटकथा दाखवून रीतसर परवानगी घेतलेली होती. पण मार्च २०२५ मध्ये परिनिरीक्षण मंडळाने इतके काट सुचवले, की ते केल्यावर चित्रपटच उरत नाही, असे दिग्दर्शिकेला म्हणावे लागले. पोलिसांचे, जातीचे आणि मुसलमानद्वेषाचे चित्रण हे त्यामागचे कारण असल्याचे वृत्त होते. पूर्वी अशा वेळी निर्मात्याला अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येत असे. ते न्यायाधिकरण २०२१ मध्येच बंद झाले, तेव्हा उरते ते उच्च न्यायालय आणि त्याचा खर्च. नंतर घरबसल्या पाहण्याच्या एका वाहिनीने ऑक्टोबर २०२५ ची तारीख जाहीर केली, आणि आयत्या वेळी तोही बेत रद्द झाला. ब्रिटनमध्ये मात्र तो मार्च २०२५ मध्येच चित्रपटगृहांत लागला होता. ज्या बोलीत संतोष आणि शर्मा बोलतात, ती तिथल्या प्रेक्षकांनी इंग्रजी अक्षरांत वाचून समजून घेतली.