दवाखाना मोफत, पण खाड्याचे काय?

मागच्या अंकातला हिशेब वाचून एका जुन्या हितचिंतकांनी पत्र पाठवले. सरकारी दवाखान्यात सगळे मोफत आहे, वर राज्य सरकारची पाच लाखांची योजना आहे, मग भोसरीतल्या आदिवासी कुटुंबांच्या आजारपणावर मिशनने पैसे का खर्च करावेत, असे त्यांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. भोसरीत आरोग्याचे काम पाहताना मला जे दिसते, त्यावरून उत्तर देते.

भोसरी म्हटले की कारखाने डोळ्यांपुढे येतात, आदिवासी येत नाहीत. पण भोसरी पुणे-नाशिक रस्त्यावर आहे, आणि याच रस्त्याने खेड, आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली महादेव कोळी, ठाकर, कातकरी कुटुंबे कामासाठी खाली उतरतात. कोणी बिगारी, कोणी गवंड्याच्या हाताखाली, कोणी लहान वर्कशॉपमध्ये हेल्पर. ती इथे कायमची राहत नाहीत. चैत्र-वैशाखात हिरडा गोळा करायला गावी जातात, आषाढात भातलावणीला जातात, आणि मधल्या काळात इथे भाड्याच्या खोलीत असतात. सगळी अडचण या येण्याजाण्यातून सुरू होते.

आपली आरोग्यव्यवस्था माणसापेक्षा गाव धरून बांधलेली आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. सपाटीवर तेच आकडे ५,००० आणि ३०,००० आहेत. म्हणजे डोंगरातल्या माणसाला जास्त सोय हवी, हे सरकारने मान्य केलेले आहे. नवसंजीवनी योजना १९९५ पासून आदिवासी क्षेत्रासाठी आहे. गरोदर बाईला अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. पण या सोयी त्या क्षेत्राच्या हद्दीपुरत्या. तळेघरच्या बाजूची बाई सहाव्या महिन्यात नवऱ्यामागे भोसरीत आली, की ते जेवण मागे राहते. तिथल्या आशाताईंच्या वहीत ती 'स्थलांतरित' होते आणि इथल्या वहीत तिचे नाव आपोआप येत नाही. शहरात ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्य केंद्र, असे गणित आहे. तिथे कोणी तिला परत पाठवत नाही, पण ती इथे आली आहे हे कोणाला माहीतच नसते.

आता पैशाकडे येते. पत्रात उल्लेख केलेली योजना म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले, आणि दीड लाखाचे संरक्षण पुढे पाच लाखांवर गेले. योजना चांगलीच आहे. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगावरचे उपचार गरिबाला मिळतात ते तिच्यामुळे. पण ती ठरलेल्या आजारांवरच्या दवाखान्यातल्या उपचारांसाठी आहे. ताप, खोकला, रक्त कमी असणे, मुलाचे वजन न वाढणे यांसाठी बाह्यरुग्ण विभागात घातलेले चार हेलपाटे तिच्यात बसत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. महापालिकेचे दवाखाने मात्र त्या विभागाखाली येत नाहीत, त्यांचे नियम वेगळे. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जे कळले, ते भोसरीत तसेच असेल असे धरून चालता येत नाही.

आणि उपचार पूर्ण मोफत असले, तरी आमच्याकडे येणाऱ्या बायांच्या तोंडी एकच शब्द असतो : खाडा. समजा, मजुरी रोजची ६०० रुपये आहे. थुंकीची तपासणी एका दिवशी, एक्स-रे दुसऱ्या दिवशी, रिपोर्ट दाखवायला तिसरा दिवस. मजुरीचे १,८०० रुपये गेले. बायको सोबत आली, तर तिचीही मजुरी गेली. रिक्षाभाडे आणि चहापाणी वेगळे. त्यापेक्षा संध्याकाळी कामावरून सुटल्यावर गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे इंजेक्शन घेणे त्याला स्वस्त पडते. लोक त्याला अडाणी म्हणतात. मला तर त्याचा हिशेब बिनचूक वाटतो.

खाड्याची भरपाई देणारी व्यवस्था आपल्याकडे नाही असे नाही. कर्मचारी राज्य विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये, मजुरीतून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. कामगाराला आणि कुटुंबाला उपचार मिळतात, आणि ठरावीक दिवस भरलेले असतील तर आजारपणाच्या रजेत मजुरीच्या ७० टक्के रक्कमही मिळते. दहा किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला तो लागू आहे, मजुरीची मर्यादा महिना २१,००० रुपये. आपली माणसे या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहेत. पण ठेकेदाराने नावच नोंदवले नाही, तर कायदा कागदावर राहतो. नाक्यावर उभे राहून काम मिळवणाऱ्याला तर ठेकेदारही रोज नवा.

क्षयरोगाचे उदाहरण मुद्दाम देते, कारण तिथे वाट सापडलेली आहे. तपासणी आणि औषधे मोफत. पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये खात्यात जमा होत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. आणि सर्वांत महत्त्वाचे, रुग्णाची नोंद निक्षय प्रणालीत असते, त्यामुळे त्याचा उपचार एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे सोपवता येतो. भोसरीत सुरू झालेली गोळी घोडेगावला पुढे चालू राहू शकते. फक्त निघण्यापूर्वी कोणीतरी केंद्रात जाऊन सांगावे लागते. साधा उपचार सहा महिन्यांचा असतो, आणि सहा महिन्यांत हिरडा नाही तर भात येतोच. न सांगता गेलेला माणूस दोन महिन्यांनी खोकत परततो.

हे सांगणारे माणूस कोण, यावर सारे अडते. आरोळे दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले, ते गावातल्याच बायांना शिकवून. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'ने गावातल्या आरोग्यदूतांच्या हाती नवजात बाळांची काळजी सोपवली, आणि बालमृत्यू कमी झाल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्या बाया तिथेच राहणाऱ्या, त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या होत्या. आपण मात्र वर्षानुवर्षे शिबिरे घेत आलो. शिबिराचा फोटो छान येतो, देणगीदाराला दाखवता येतो. पण शिबिरात रक्त कमी निघालेल्या बाईकडे पुढच्या महिन्यात कोण जाणार?

म्हणून या वर्षी दोनपैकी एक शिबिर घ्यायचे नाही असे ठरले आहे. तो पैसा वस्तीतल्याच दोन बायांच्या मानधनाला जाईल. एक ठाकर आहे, एक महादेव कोळी. दवाखान्यात सोबत जाणे, केसपेपर काढून देणे, नव्या गरोदर बाईचे नाव इथल्या आशाताईंना कळवणे, ईएसआयची नोंद आहे का ते विचारणे, हे त्यांचे काम. क्षयाच्या रुग्णाला तपासणीच्या दिवसांचा खाडा आणि एसटीचे भाडे देण्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवली आहे. पुढच्या हिशेबात 'प्रवास व खाडा' असा नवा रकाना दिसेल, तो हाच.

कुटुंबे हिरड्याला निघण्याआधी, फेब्रुवारीअखेर, गावी जाणाऱ्या रुग्णांची यादी त्या दोघी करणार आहेत. गाव, औषध, पुढची तारीख आणि वरच्या केंद्राचे नाव, एवढेच त्यात असेल. एक प्रत रुग्णाकडे राहील आणि एक आमच्याकडे.