ज्यूलवरून जखम मोजता येत नाही

 पोलिसांकडे असतं तसं ९ मिलिमीटर पॅराबेलम काडतुसाचं पिस्तूल सामान्य परवानाधारकाला घेता येत नाही. कायद्याने तो निषिद्ध बोअर आहे. त्याच्या हाती बहुधा येतं ते कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं .३२चं रिव्हॉल्वर. त्यामुळे ‘नाइन एमएम म्हणजे खरी गोळी, बत्तीसने काय होतंय?’ ही समजूत सहज रुजते.

गैरसमज : ऊर्जा जास्त, तेवढी जखम मोठी.

वस्तुस्थिती : साडेसात ग्रॅमची ९ मिमी गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने सुटली, तर तिची ऊर्जा सुमारे ४८६ ज्यूल भरते. ती आरपार गेली, तर त्यातली बरीचशी मागच्या भिंतीत जिरते. शरीरात खर्च होणाऱ्या ऊर्जेने स्नायू आणि फुप्फुसं क्षणभर ताणली जातात, पण लवचीक असल्याने बरीचशी पूर्ववत होतात. यकृत मात्र फाटू शकतं. पिस्तुलाच्या वेगाला मुख्य इजा होते ती गोळीने प्रत्यक्ष चिरडलेल्या मार्गात. म्हणून ती किती खोल गेली आणि वाटेत काय लागलं, हे निर्णायक ठरतं.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीतल्या चकमकीत एफबीआयची ९ मिमी गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली. तो लढत राहिला; दोन एजंट मारले गेले. त्यानंतर एफबीआयने काडतुसं जोखताना जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच शिरकाव हा निकष धरला.

गैरसमज : कमी ताकदीच्या गोळीने माणूस मरत नाही.

वस्तुस्थिती : ३० जानेवारी १९४८ला नथुराम गोडसेने गांधीजींवर झाडलेल्या तीन गोळ्या बेरेटा पिस्तुलाच्या होत्या. व्यास ९ मिमीच, पण काडतूस आखूड. ऊर्जा पॅराबेलमच्या जवळपास निम्मी.

गोळी कुठे लागते याचा फरक पुण्यात त्याआधीच दिसला होता. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी दोघा इंग्रज अधिकाऱ्यांवर जवळून गोळ्या झाडल्या. डोक्यात गोळी लागलेला आयर्स्ट जागीच गेला. पाठीत लागलेला रँड ३ जुलैपर्यंत जगला.

गैरसमज : गोळी लागताच माणूस मागे फेकला जातो.

वस्तुस्थिती : हे सिनेमातलं. वरच्या ९ मिमी गोळीचा सगळा संवेग सत्तर किलोच्या माणसात उतरला, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला चार सेंटिमीटरच्या आसपास. धक्का खरंच तेवढा असता, तर गोळी झाडणाराही उलट दिशेला उडाला असता.

गैरसमज : आधी गोळी काढायची, मग बाकीचं.

वस्तुस्थिती : शल्यचिकित्सक आधी रक्तस्राव थांबवतात. त्रास न देणारी गोळी अनेकदा शरीरातच ठेवली जाते. सांध्यात अडकलेली सहसा काढतात, कारण तिथलं शिसं रक्तात मिसळू शकतं. घटनास्थळी असलेल्याने जखमेत चिमटा घालू नये. स्वच्छ कापडाने ती घट्ट दाबून धरावी आणि १०८ला फोन करावा.