प्लॅस्टर निघाल्यानंतर

दोन वर्षांपूर्वी रायपूरच्या शंकर नगरातील आमच्या घराच्या पायऱ्या उतरताना माझा उजवा घोटा मोडला, सहा आठवडे तो प्लॅस्टरमध्ये राहिला, आणि ज्या दिवशी ते प्लॅस्टर कापून काढले त्या दिवशी आतून जो पाय बाहेर आला तो पाहून, हा आपलाच पाय काय, असा प्रश्न मला क्षणभर पडला. कारण पोटरी वाळून गेली होती, कातडी कोरडी पडली होती, आणि चवड्यावर उभे राहण्याची साधी आज्ञादेखील त्या पायाला उमजेनाशी झाली होती. क्ष-किरणांच्या चित्रात हाड उत्तम सांधलेले दिसत होते. हाड सांधल्याचा दाखला मिळाला म्हणजे प्रकरण निकालात निघाले अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीनेच मला पुढे तीन महिने लंगडत ठेवले.

मोडलेले हाड जुळून येण्यास स्थैर्य लागते हे खरे. परंतु त्याच स्थैर्याच्या मुदतीत स्नायूंचा क्षय चालू असतो, आणि तो पहिल्या दोन आठवड्यांतच सर्वांत वेगाने होतो. जो स्नायू कामावर हजर नाही त्याचे पोषण शरीर फार काळ चालू ठेवीत नाही. टोंगळ्याला (गुडघ्याला आमच्या नागपूरकडची माणसे टोंगळाच म्हणतात) मार लागून त्यात सूज साचली, तर मांडीचा पुढचा स्नायू शाबूत असूनही मज्जातंतूंकडून त्याला पुरता हुकूमच पोहोचत नाही. हाडाचीही रीत निराळी नाही. ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेने हाड आपली घडण बदलते, हा सिद्धांत जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडून ठेवला आहे. तात्पर्य, विश्रांती हे औषध असले तरी त्याची मात्रा ठरलेली आहे, आणि ती संपल्यावर भार हेच औषध होते.

हा भार किती द्यावा आणि कसा वाढवावा, याची शास्त्रशुद्ध तजवीज दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस झाली. शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात पायांच्या दुखापती झालेले सैनिक महिनोन्महिने पडून होते. हलक्या, असंख्य हालचालींचा तत्कालीन शिरस्ता त्यांना उभे करण्यास अपुरा पडत होता. तेथील तरुण डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी हा शिरस्ता उलटा करून रुग्णाच्या पायाला लोखंडी जोडा बांधला, त्यावर वजने चढविली, आणि आवर्तने थोडी पण ओझे भरपूर, व तेही शक्तीच्या वाढीबरोबर वाढणारे, अशी पद्धत 1945 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे 1948 मध्ये त्यांनी व त्यांचे सहकारी वॉटकिन्स यांनी तिला सुटसुटीत रूप दिले: जे वजन कष्टाने दहाच वेळा उचलता येते, त्याच्या निम्म्याने दहा, पाऊणाने दहा आणि पूर्ण वजनाने दहा आवर्तने. आजही व्यायामशाळांतून दहा-दहाच्या तीन फेऱ्यांचा जो परिपाठ आहे, त्यामागे जखमी सैनिकांच्या खाटा आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या तालमींतील वस्ताद बैठकांची संख्या दिवसागणिक वाढवीत नेत, त्यातही क्रमवृद्धीचे हेच तत्त्व होते. मात्र आजाऱ्यासाठी त्याचा मोजून हिशेब मांडण्याचे श्रेय डिलॉर्म यांना दिले पाहिजे.

टाचेमागच्या जाड शिरेची, वैद्यकात जिला अकिलीसचा कंडरा म्हणतात तिची, कथा मला याहूनही उद्बोधक वाटते. स्वीडनचे अस्थिशल्यवैद्य हाकान आल्फ्रेडसन यांचा हा कंडरा स्वतःचाच दुखत होता. शस्त्रक्रियेस त्यांच्या वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा आता तो तुटलाच तर शस्त्रक्रिया करणे वरिष्ठांना भाग पडेल, अशा इरेस पेटून त्यांनी त्यावर जबर भार घालण्यास प्रारंभ केला, आणि कंडरा तुटण्याऐवजी बरा झाला, असे ते स्वतः सांगतात. 1998 मध्ये त्यांनी पंधरा धावपटूंवरील अनुभव प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहायचे, दुखऱ्या पायावर सारा भार घेऊन टाच सावकाश पायरीखाली न्यायची, वर मात्र चांगल्या पायाने यायचे. गुडघा ताठ ठेवून पंधराच्या तीन फेऱ्या, गुडघा किंचित वाकवून तितक्याच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. आणि वेदना उणावली की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवायचे. ते पंधराही जण पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले.

माझ्या पायाला अखेर पायरीनेच तारले. ज्या पायऱ्यांवर घोटा मोडला त्याच पायऱ्यांवर, भौतिकोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, प्रथम दोन्ही पायांनी, मग एकाने, असा टाचा उचलण्याचा क्रम मी धरला. पहिल्या तीन-चार आठवड्यांत बळ वाढल्याचे जाणवते, तरी पोटरी भरलेली दिसत नाही. त्याने खचून जाऊ नये, कारण आरंभीची वाढ ही मेंदू व स्नायू यांचा विस्कटलेला संवाद पुन्हा जुळल्याची असते, मांस मागाहून येते. व्यायामात सौम्य दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमले, तर मात्रा योग्य. दुखणे वाढतच गेले किंवा सूज चढली, तर ओझे कमी करावे. पोटरी एकाएकी सुजून गरम झाली व दुखू लागली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा व्यायाम तहकूब करून तत्काळ डॉक्टर गाठावा. मधुमेहाने ज्यांचे तळवे बधिर झाले आहेत त्यांनी वेदनेच्या मापावर विसंबू नये.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे 2025 च्या जुलैत मोनाकोच्या शर्यतीत पडला आणि त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा पुढची वाट दाखविण्यास त्याच्याजवळ जाणती माणसे होती. आमच्या रायपूरच्या तेलीबांधा तलावाच्या काठावर काठी टेकीत फिरणाऱ्या गृहस्थाजवळ असे कोणी नसते, आणि नुसत्या फिरण्याने गेलेली पोटरी परत येत नाही. म्हणून वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे: प्लॅस्टर निघेल त्या दिवशी, पायावर भार कोणत्या तारखेपासून, कोणत्या व्यायामाने, किती वजनाने व किती वेळा द्यायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतल्याखेरीज दवाखान्याबाहेर पडू नका.